उघड्यावरचें लाकूड

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलें म्हणजे थोड्याच वेळांत कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका नजरेस पडतो. १९६८ सालीं ज्या रानास पक्ष्यांचें अभयारण्य ठरविण्यांत आलें, तें याच डोंगराच्या कुशींत आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, आसपासच्या गांवांतून, गेल्या कांहीं वर्षांत मुंबई-पुण्याकडील पुष्कळ कुटुंबांनीं लहानमोठीं घरें बांधलीं आहेत. कोणीं वडिलार्जित जागेंत, कोणीं नवी जमीन घेऊन. या घरांपैकीं बहुतेकांना एक गोष्ट हटकून हवी असते. ती म्हणजे घराला लागून असलेला, वर छप्पर नसलेला, लाकडी फळ्यांचा मोकळा ओटा. हल्लींची तरुण मंडळी त्याला 'डेक' म्हणतात. संध्याकाळीं त्यावर खुर्च्या टाकून बसावें, समोर डोंगर पाहावा, मुलांनीं अनवाणी खेळावें, अशी त्यामागची कल्पना. कल्पना रम्य आहे व तींत वावगें कांहींच नाहीं. परंतु या सदराच्या वाचकांकडून त्याविषयीं जे प्रश्न आमच्याकडे येतात, ते बहुतकरून दोनच असतात: लाकूड कोणतें घ्यावें, आणि तें किती वर्षें टिकेल? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्यावर अर्धेंच अवलंबून आहे. उरलेलें अर्धें घरांतील माणसांवर अवलंबून आहे, एवढेंच आम्हांस प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम आपल्या वाडवडिलांनीं काय केलें तें पाहूं. कोंकणांतील जुन्या घरांत लाकूड विपुल असे. खांब, तुळया, वासे, माडीची जमीन, झोंपाळा, सर्व लाकडाचें. पण उघड्या पावसांत बसविलेलें लाकूड त्या घरांत सहसा आढळत नाहीं. अंगण मातीचें, जोतें दगडाचें, खांब जमिनींत न पुरतां दगडी तळखड्यावर उभा केलेला, आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्या म्हणून पुढें काढलेली वळचण. पावसाळा जवळ आला कीं झड लागणाऱ्या बाजूस झाप बांधावयाचे, तो सरला कीं सोडावयाचे. या सर्व व्यवस्थेचा अर्थ एकच: लाकडाला पाणी लागूं नये, लागलेंच तर तें तेथें थांबूं नये. ज्यांस आज उघडा ओटा करावयाचा आहे त्यांना यांतील पहिली अट पाळतां येणें शक्य नाहीं. म्हणून दुसरी अट त्यांनीं दुप्पट कसोशीनें पाळली पाहिजे.

आतां हवामानाकडे वळूं. पनवेल-कर्नाळ्याच्या बाजूस वर्षाला सुमारें अडीच ते तीन हजार मिलिमीटर, म्हणजे शंभर ते एकशें वीस इंच पाऊस पडतो, आणि त्यांतील जवळजवळ सगळा ज्येष्ठ ते आश्विन या काळांत कोसळतो. त्यापूर्वींच्या फाल्गुन-चैत्र-वैशाखांत तीच जमीन भाजून निघते. झाडावरून तोडलें तरी लाकूड हवेशीं देवघेव करीतच असतें. कोरड्या हवेंत तें आपल्या अंगचें पाणी सोडून आक्रसतें, दमट हवेंत पाणी शोषून फुगतें. उन्हांत पडलेल्या फळींत वैशाखमासीं वजनाच्या शेंकडा दहाच्या आसपास पाणी असतें, तर आषाढांत तें वीसवर किंवा त्याहूनही पुढें जातें.

याचा हिशेब एकदां पाटीवर मांडून पाहण्यासारखा आहे. ओलें सागवान पूर्णपणें सुकविलें तर त्याची रुंदी, वलयांच्या दिशेनें मोजली असतां, शेंकडा सुमारें पावणेसहानें घटते, आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें मोजली असतां शेंकडा सुमारें अडीचनेंच घटते. वैशाख ते आषाढ या काळांतील फरक त्या पूर्ण सुकण्याच्या सुमारें एक तृतीयांश धरा. म्हणजे सहा इंच रुंदीची फळी, ती ओंडक्यांतून सपाट कापलेली असल्यास, तीन मिलिमीटरच्या आसपास रुंदावेल. उभ्या रेघांची, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे कापलेली असल्यास, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. अशा वीस फळ्या एकमेकींस घट्ट भिडवून बसविल्या तर पावसाळ्यांत त्यांना दोन-अडीच इंच जास्त जागा लागते. ती त्यांना मिळाली नाहीं म्हणजे त्या मध्यें उचलतात, खिळे उपटतात, किंवा कडेच्या चौकटीस बाहेर ढकलतात. आणि सागवान हें त्यांतल्या त्यांत शांत लाकूड आहे; ऐन त्याहून अधिक हलतो.

परंतु फुगणें-आक्रसणें हें लाकडाचें मरण नव्हे. मरण येतें तें कुजण्यानें, आणि कुजविण्याचें काम पाणी स्वतः करीत नाहीं, बुरशी करते. तिला ओल, ऊब, हवा आणि अन्न या चार वस्तु लागतात. ऊब कोंकणांत बारमाही आहे, हवा सर्वत्र आहे, अन्न तर लाकूडच. राहिली ओल. लाकडांतील पाणी शेंकडा वीसच्या खालीं असेपर्यंत बुरशीचें कांहीं चालत नाहीं. जांभळाचें लाकूड विहिरींत पाण्याखालीं वर्षानुवर्षें टिकतें याचें कारणही हेंच कीं तेथें ओल असली तरी हवा नाहीं. उलट जमिनीशीं टेकलेला खांब नेमका जमिनीलगत झडतो, कारण तेथें ओल आणि हवा यांची गांठ पडते. पाऊस पडून गेल्यावर तासा-दोन तासांत जी फळी वाळूं लागते ती पुष्कळ पावसाळे काढते. जी आठ आठ दिवस ओली राहते, ती दोन-तीन वर्षांतच गेली असें समजावें.

हें आम्ही नुसत्या पुस्तकावरून लिहीत नाहीं. आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. तीन पिढ्या एकत्र. मुलगे मुंबईस नोकरीवर, सुट्टींत सर्वांनीं एके ठिकाणीं जमावें म्हणून कर्नाळ्याच्या पायथ्याशीं घर बांधलें. घराच्या मागील अंगास बारा फूट रुंदीचा लाकडी ओटा केला. फळ्या सागाच्या, परंतु कोंवळ्या झाडाच्या; एकमेकींस घट्ट भिडविलेल्या; सिमेंटच्या कोब्यावर आडव्या पट्ट्या टाकून त्यांवर लोखंडी खिळ्यांनीं ठोकलेल्या; वरून चकचकीत व्हार्निश. पहिल्या पावसाळ्यांत फळ्या उचलल्या, दुसऱ्यांत व्हार्निशाचे पोपडे निघाले. तिसऱ्या वर्षीं नवरात्रांत घरांतील आजी, वय वर्षें एक्क्याऐंशी, परसांतून पूजेचीं फुलें घेऊन येत असतां पायाखालची फळी खचली व त्यांच्या घोट्याचें हाड मोडलें. वरून पाहतां ती फळी इतरांसारखीच धड दिसत होती.

त्या घरच्या सूनबाईंनीं पुढें जें केलें तें प्रत्येक गृहिणीनें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं सुतारास बोलावण्यापूर्वीं एक दाभण घेतला आणि ओट्यावरील प्रत्येक फळी दोन्ही टोंकांना व मध्यें टोंचून पाहिली. निरोगी लाकडांत दाभण अडतो, कुजलेल्यांत लोण्यांत सुरी जावी तसा शिरतो. चाळीस फळ्यांपैकीं सतरा सडलेल्या निघाल्या. आणि त्या कोठें होत्या? भिंतीलगत, जेथें रानांतून उडून येणारा पाला सांचत असे तेथें. तुळशीच्या व फुलझाडांच्या कुंड्यांखालीं. आणि जेथें दोन फळ्यांचीं टोंकें एकमेकांस मिळत तेथें. उन्हांत मोकळ्या पडलेल्या मधल्या फळ्या त्याच लाकडाच्या, त्याच वयाच्या असूनही शाबूत होत्या. अंथरुणास खिळलेल्या आजींना हें सांगितलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "ओटा पुन्हा करा, पण आधीं त्याचा वार ठरवा." त्यांच्या म्हणण्याचा अर्थ पुढें निगेच्या प्रकरणीं येईल.

आतां निवडीविषयीं. लाकूड घेतांना जातीइतकेंच, किंबहुना जातीहून अधिक, महत्त्व गाभ्याला आहे. ओंडक्याच्या मध्यभागीं जो गडद रंगाचा भाग असतो तो गाभा. त्याभोंवतीं, सालीच्या आंत, जो फिकट पांढुरका भाग असतो त्यांतून झाडाच्या जिवंतपणीं रस वाहत असतो. सागाच्या गाभ्यांत जें तेलकट द्रव्य असतें त्याच्यामुळें वाळवी व बुरशी त्याच्या वाटेस सहसा जात नाहींत. पण तें सामर्थ्य गाभ्याचें आहे, सागाच्या नांवाचें नव्हे. सागाचा पांढरा भाग वाळवी आनंदानें खाते. कोंवळ्या झाडांत हा पांढरा भाग पुष्कळ असतो. तेव्हां वखारींत फळीची टोंकें पाहावीं, कडा पाहाव्या, आणि जिच्या कडेला पांढरी पट्टी आहे ती फळी उघड्या ओट्यासाठीं बाजूस सारावी. घरांतील फडताळाला ती चालेल.

सागाखालोखाल आपल्या सह्याद्रीच्या रानांतील बिबळा हें उत्तम लाकूड आहे. तें टणक व टिकाऊ आहे. दोष एवढाच कीं भिजलें असतां रंग सोडतें, त्यामुळें नव्या ओट्यावर पांढरें धोतर किंवा लुगडें वाळत घालणारानें जपून राहावें. ऐन स्वस्त, जड व बळकट. घनफुटास सागाचें वजन सुमारें अठरा-वीस किलो भरतें तर ऐनाचें चोवीस-पंचवीस. परंतु वाळतांना तो भेगाळतो व पिळतो, म्हणून त्याचा उपयोग खालच्या आडव्या तुळयांस करावा, तोही नीट वाळवून. फणसाचें लाकूड देखणें व वाळवीस दाद न देणारें, पण तें घराच्या आंत शोभतें. आंबा, सावर, पांगारा हीं लाकडें उघड्यावर वापरणें म्हणजे पैसे पागोळीखालीं ठेवणें होय. परदेशाहून येणारीं कांहीं कठीण लाकडें बाजारांत मिळतात. त्यांपैकीं ब्राझीलकडील 'ईपे' हें खरोखर फार टिकाऊ आहे. परंतु तेथील अरण्यांवर त्याच्या मागणीचा इतका ताण पडला कीं २०२२ सालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालण्याचें ठरलें व २०२४ च्या अखेरीस ते अमलांत आले. आपल्याच राज्यांत चंद्रपूर-गडचिरोलीकडे उत्तम साग होत असतां इतकें दूर जाण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. अयोध्येच्या राममंदिरासाठीं २०२३ च्या मार्च महिन्यांत साग पाठविण्यांत आला तो तिकडच्याच रानांतला. लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्याही हल्लीं मिळतात. त्या कुजत नाहींत हें खरें, पण उन्हांत इतक्या तापतात कीं अनवाणी मुलाला त्यावर उभें राहवत नाहीं; आणि खालचे आधार दूर दूर असले तर कालांतरानें झोळ धरतात.

झाडाच्या निवडीविषयीं आपल्या पूर्वाचार्यांनीं मौन धरलेलें नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांच्या प्रकरणीं कोणकोणते वृक्ष योग्य तें सांगितलें आहे. त्यांत असन म्हणजे बिबळा, शाक म्हणजे साग, काश्मरी म्हणजे शिवण, आणि शिंशपा म्हणजे शिसव, हे आहेत. त्याचप्रमाणें कोणते वृक्ष वर्ज्य तेंही सांगितलें आहे: वीज पडलेले, पुरानें, वाऱ्यानें किंवा हत्तीनें पाडलेले, शेंड्याकडून वाळत आलेले, वेलींनीं आवळलेले, ज्यांवर मधमाशांचें पोळें किंवा पक्ष्यांचीं घरटीं आहेत ते. यांतील कांहीं विधानें शुभाशुभाच्या भाषेंत असलीं तरी सुतारकामाच्या दृष्टीनें तीं पारखून घेण्यासारखीं आहेत. वादळानें पडलेल्या झाडाच्या अंगांत न दिसणाऱ्या चिरा असूं शकतात. शेंड्याकडून वाळणारें झाड बहुधा आंतून रोगी असतें. आणि घरट्यांचें झाड तोडूं नये हा दंडक कर्नाळ्यासारख्या ठिकाणीं आज कायद्यानेंही पाळावा लागतो. लाकूड ओळखीच्या माणसाकडून, रात्रीच्या वेळीं, अर्ध्या किंमतीस मिळत असेल तर तें नाकारावें. नोंद असलेल्या वखारींतून पावती घेऊन, आणि वनविभागाचा वाहतूक परवाना लागत असल्यास तो पाहूनच माल उचलावा. रानाची शोभा पाहण्यासाठीं जो ओटा बांधावयाचा, त्याच्यासाठीं तेंच रान चोरून तोडलेलें असणें, हें सुसंस्कृत कुटुंबास शोभणारें नाहीं.

बांधणीची पांच सूत्रें आम्ही सांगतों. सुतार कितीही अनुभवी असला तरी कामाच्या दिवशीं यजमानानें तीं जातीनें तपासावीं.

पहिलें सूत्र हवेचें. फळ्यांखालीं निदान हातभर मोकळी जागा असावी व ती निदान दोन बाजूंनीं उघडी असावी. शोभेसाठीं चारी बाजू फळ्यांनीं बंद करूं नयेत. दुसरें सूत्र फटीचें. कोरड्या दिवसांत काम होत असेल तर दोन फळ्यांमध्यें पांच-सहा मिलिमीटर फट ठेवावी. पावसाळ्यांत ती आपोआप निम्मी होईल. फळ्या शक्यतों चार इंचांहून रुंद घेऊं नयेत, म्हणजे प्रत्येकीची हालचाल थोडी राहते. तिसरें सूत्र उताराचें. घरापासून दूर, दर हातास पाव इंचाचा उतार पुरे होतो, आणि भिंत व पहिली फळी यांमध्यें बोटभर अंतर ठेवावें, म्हणजे पाला व पाणी दोन्ही तेथें अडकणार नाहींत. चौथें सूत्र पायाचें. तुळयांचे खांब मातींत पुरूं नयेत. आपल्या तळखड्याची जुनी रीत येथें शंभर हिश्शांनीं योग्य आहे. पांचवें सूत्र खिळ्यांचें. खिळे ठोकूं नयेत, गिरमिटानें भोंक पाडून पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू वापरावेत. साधें लोखंड ऐनासारख्या तुरट रसाच्या लाकडांत काळे डाग पाडतें व लौकर गंजतें; आणि स्क्रू असला म्हणजे बिघडलेली एक फळी काढून तिच्या जागीं दुसरी बसवितां येते. फळ्या बसविण्यापूर्वीं त्यांची खालची बाजू आणि कापलेलीं टोंकें तेलानें माखावीं. लाकूड पाणी सर्वांत जलद पितें तें टोंकांतून.

तेलाविषयीं थोडें विस्तारानें सांगतों. उघड्यावरील फळ्यांना व्हार्निश किंवा जाड रंग लावूं नये. लाकूड वर्षातून दोनदां हलतें, रंगाचा पापुद्रा तितका हलत नाहीं. तो फुटतो, फटींतून पाणी शिरतें, आणि वरच्या पापुद्र्यामुळें तें बाहेर पडत नाहीं. जवसाचें तेल, त्यांत थोडें टर्पेंटाइन मिसळून, पातळ थरानें लावावें, पाव तासानें उरलेलें कापडानें पुसून घ्यावें, आणि दोन-तीन दिवस कडक उन्हांत वाळूं द्यावें. जाड थर चिकट राहतो व पावसाळ्यांत त्यावरच काळी बुरशी धरते. येथें एक धोका सर्वांनीं लक्षांत ठेवावा: जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यांत टाकल्यास तो आपोआप तापून पेट घेऊं शकतो. त्या चिंध्या उघड्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून मग टाकाव्या. दक्षिण कोंकणांत काजूच्या कवचाचें तेल वाळवीवर उपाय म्हणून लाकडास लावीत. तें फळ्यांच्या खालच्या बाजूस व तुळयांसच लावावें, कारण तें कातडीस लागलें असतां फोड येतात. तेल न लावल्यास सागवान दोन पावसाळ्यांत रुपेरी-करडें होतें. तो उन्हाचा परिणाम आहे, रोग नव्हे. रंग गेला म्हणून हळहळूं नये, पण दाभण मात्र चालवावा.

आतां वर्षाची निगा. पूर्वीं घरोघर वैशाखांत शाकारणी होत असे. कौलें परतलीं जात, फुटकीं बदललीं जात, आणि तें काम कोणी उपकार म्हणून करीत नसे, तें वर्षाचें कर्तव्य असे. लाकडी ओट्याला तीच शिस्त लावावी. चैत्रांत ओटा नारळाच्या काथ्याच्या ब्रशानें, रेघांच्या दिशेनें, साबणाच्या पाण्यानें घासून धुवावा. तारेचा ब्रश वापरूं नये, त्याचे लोखंडी कण लाकडांत राहून काळे पडतात. जोराच्या पाण्याचा फवाराही नको, तो लाकडाचा मऊ भाग खरवडून काढतो. आठ दिवस वाळल्यावर प्रत्येक फळी दाभणानें पाहावी, सैल स्क्रू आवळावेत, बिघडलेली फळी बदलावी, आणि तेलाचा हात रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं पुरा करावा. मृगाचा पाऊस पडल्यावर तेलाचें काम मनांतही आणूं नये.

आषाढ-श्रावणांत काम एकच, पण तें दर आठवड्यास: पाला काढणें, फटी मोकळ्या करणें, कुंड्यांच्या जागा बदलणें, आणि हिरवा बुळबुळीतपणा दिसला कीं काथ्याच्या ब्रशानें घासणें. हा शेवाळाचा थर लाकडाला जितका घातक, त्याहून वृद्धांच्या हाडांना अधिक. फळी खचून पडणारे थोडे. घसरून पडणारे पुष्कळ. कुंड्या ठेवावयाच्याच असतील तर पाय असलेल्या तिवईवर ठेवाव्या. हस्ताचा पाऊस ओसरला कीं आश्विनांत पुन्हा एकदां धुवून, दाभण फिरवून, दसऱ्याच्या आधीं ओटा मोकळा करावा. मार्गशीर्ष ते माघ या काळांत कांहीं करावयाचें नाहीं. तेव्हां त्यावर बसावें, तो त्यासाठींच आहे.

वरील आजींनीं सांगितलेला 'वार' तो हाच. त्या कुटुंबानें ओटा पुन्हा केला, पण निम्म्या रुंदीचा, आणि त्यांतीलही अर्धा भाग पुढें वाढविलेल्या छपराखालीं घेतला. प्रत्येक शनिवारीं जो कोणी घरीं असेल त्यानें पाला काढावयाचा, आणि घर बंद राहणार असेल तर शेजारच्या गांवांतील एका माणसास मजुरी देऊन तें काम लावून ठेवावयाचें, असें ठरलें. गेले सहा पावसाळे ओटा उभा आहे. एकच फळी बदलावी लागली.

माणसाच्या हाताचें हें महत्त्व ध्यानीं यावें म्हणून एक मोठें उदाहरण देतों. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं सागवानाची एक लढाऊ नौका बांधली गेली व १८१७ सालच्या ऑक्टोबरांत पाण्यांत सोडली गेली. 'ट्रिंकोमाली' हें तिचें नांव. आज ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे, आणि ब्रिटिश आरमाराच्या जुन्या नौकांपैकीं अजून तरंगणारी ती सर्वांत जुनी होय. आपल्याकडील सागाची ही थोरवी सांगून लोक तेथेंच थांबतात. पण त्या काळच्या नौकांवर खलाशी जवळजवळ रोज पहांटे डेकवर गुडघे टेकून खारें पाणी व दगड यांनीं फळ्या घांसीत असत, फटींत काथ्या व डांबर भरीत असत. आणि ही नौका म्हातारी झाल्यावर तिची डागडुजी करण्यास कुशल कारागिरांना वर्षानुवर्षें खपावें लागलें, कांहीं भाग नवे बसवावे लागले. दोनशें वर्षें साग टिकला हें खरें. पण तो एकटा टिकला नाहीं.

तेव्हां ज्यांस ओटा बांधावयाचा आहे त्यांनीं लाकडाचा भाव विचारण्यापूर्वीं घरांतील मंडळींस एकत्र बसवून एक प्रश्न विचारावा: श्रावणांत, सलग आठ दिवस पाऊस लागला असतां, पाला कोण काढणार? या प्रश्नास एखाद्याचें नांव उत्तरादाखल मिळालें तर खुशाल साग घ्यावा, बिबळा घ्यावा. तो नातवंडांच्या मुलांनाही उपयोगी पडेल. नांव न मिळतां सगळे एकमेकांकडे पाहूं लागले, तर त्या घरानें शहाबादी फरशीचा ओटा करावा व त्यावर लाकडी बाक ठेवावा. बाक पावसाळ्यांत उचलून आंत नेतां येतो. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. जितकें सांभाळतां येईल तितकेंच उभारावें, हा शहाणपणा आपल्या जुन्या घरांच्या जोत्यांत व वळचणींत भरलेला आहेच.